आधी बूड बघा

मगदूम अण्णा कुठंही गेले तरी बसायच्या आधी खुर्ची उलटी करायचे. लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडं. यजमान "बसा, बसा" म्हणत असायचे आणि अण्णा खुर्चीचे चारी पाय आढ्याकडं करून खालचं वेल्डिंग न्याहाळत असायचे. मग खाडकन सरळ करून म्हणायचे, "कुणी केलीया ही? आजून हिंडतोय व्हय त्यो गावातनं?" एकदा पुतण्याच्या सोयरिकीला गेले असताना त्यांनी मुलीकडच्यांची खुर्ची उलटी केली. मुलीच्या बापानं तो अपमान समजला आणि बोलणी तिथंच मोडली. अण्णांना त्याचं काहीच वाटलं नाही. "खुर्ची डगडगत हुती. असल्या घरात पोरगं द्याचं व्हय?" म्हणाले.

अण्णांचा उद्यमनगरात लोखंडी फर्निचरचा कारखाना होता. शाळेची बाकं, कपाटं, टेबलं सरकारला पुरवायची, हा त्यांचा धंदा. मी त्याच कचेऱ्यांना खडू, कागद आणि हजेरीपुस्तकं पुरवायचो. त्यामुळं नव्वदच्या दशकातलं माझं बरंचसं आयुष्य एका पंचायत समितीच्या व्हरांड्यात अण्णांच्या शेजारी गेलं. कुठली पंचायत समिती ते सांगत नाही. माझ्या पोराला अजून तिथं खडू विकायचे आहेत.

त्या व्हरांड्याचा मला आजही राग येतो. साहेब मीटिंगला गेलेले असायचे. मीटिंगहून आले की जेवायला जायचे, जेवून आले की "उद्या या" म्हणायचे. अख्ख्या तालुक्याच्या शाळांना बाकं घेणाऱ्या त्या कचेरीत आमच्यासाठी एकच बाक होता आणि त्याचा एक पाय विटेवर होता. मी मुकाट्यानं त्याच्यावर बसायचो. अण्णा कधीच बसले नाहीत. ते उभे राहायचे आणि आतल्या कारकुनांना ऐकू जाईल इतक्या आवाजात मला सांगायचे, "आधी बूड बगा, खडूवाले. तोंडाला रंग कुनीबी मारतंय." माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. मी खडूवालाच.

सरकारी खरेदीला तीन कोटेशनं लागतात, असा नियम आहे. ती तिन्ही एकाच माणसानं आणायची, हा न लिहिलेला नियम आहे. आपलं एक आणि मित्रांच्या लेटरहेडवर जरा चढ्या दराची दोन, असं सगळेच करायचे. मीही करायचो. अण्णा मात्र एकच घेऊन जायचे. कारकून विचारायचा, "बाकीची दोन कुठायत?" अण्णा म्हणायचे, "माजा येकच कारखाना हाय. दोन तुज्या बापाचं असतील तर जोड की." मग तो कागद महिनाभर त्याच टेबलावर पडून राहायचा. तरी अधूनमधून त्यांना ऑर्डर मिळायची, कारण ज्या शाळेत एकदा त्यांचा बाक गेला तिथले गुरुजी पुन्हा त्यांचाच मागायचे.

एका वर्षी पहिलीच्या मुलांसाठी बाकांची खरेदी निघाली. रीत अशी होती की आधी एक नमुना करून दाखवायचा. समितीनं तो पसंत केला की त्याच्यावर सह्यांचा कागद चिकटायचा आणि तो स्टोअरमध्ये जायचा. नंतर येणारा माल त्या नमुन्याशी ताडून बघायचा. अण्णांनी बुटका बाक केला. सहा वर्षांचं पोर बसलं तर त्याचे पाय जमिनीला टेकतील असा. कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या. मी इतकी बाकं बघितली, पण तसं काम बघितलं नव्हतं.

समिती जमली आणि पहिलीच्या पोरांचा बाक तपासायला ते सगळे स्वतः त्याच्यावर बसले. सगळे खात्यापित्या घरचे. साहेबांचे गुडघे हनुवटीला लागले. सभापतींना दोघांनी हात देऊन उठवावं लागलं. "फारच बुटका आहे. कंबर धरते," असं सगळ्यांचं एकमत झालं.

अण्णा म्हणाले, "सायेब, तुमी पहिलीत हाय काय?"

साहेबांनी फाईल मिटली. "उंची वाढवून आणा. पहिली ते सातवी सगळ्यांना एकच माप. घोळ नको."

बाहेर आल्यावर अण्णांच्या कपाळाची शीर उडत होती. "दिवसभर पाय लोंबकाळनार पोरांचं. पायाला मुंग्या येत्यात, खडूवाले. मुंग्या आल्या की पोरगं चुळबुळ करतंय, चुळबुळ केली की गुरुजी हाणतोय. बाक पास केला सायबानं आनि मार खाल्ला पोरानं."

मी हसून म्हटलं, "अण्णा, तुम्हाला पहिलीतल्या पोरांचं एवढं कसं ठाऊक?"

"ठावं हाय म्हनून सांगतोय की," ते माझ्यावरच खेकसले आणि स्कूटरला किक मारून निघून गेले.

ऑर्डर सोडतील असं मला वाटलं होतं. सोडली नाही. उंच नमुना करून दिला, तो पास झाला, सह्या झाल्या. पण सगळा माल करताना त्यांनी प्रत्येक बाकाला खाली एक आडवा दांडा जोडला. पोरांनी पाय ठेवायला. त्याचा जादा दर लावला नाही, कुणाला सांगितलंही नाही.

माल आवारात उतरला. इंजिनियर आले, नमुना बाहेर काढला आणि ताडून बघायला लागले.

"नमुन्यात हा दांडा नाही."

"जादाचा हाय. फुकट."

"फुकट असू दे. नमुन्याप्रमाणे नाही. सगळे दांडे कापून द्या, नाहीतर माल परत न्या."

मला संताप आला. पातळ पत्र्याची कपाटं, आठवड्यात रंग सोडणारी टेबलं, बसताक्षणी वाकणाऱ्या खुर्च्या मी त्याच आवारात जावयासारख्या थाटात आत जाताना बघितल्या होत्या. त्यातली एकही परत गेली नव्हती. कुणीतरी पोरांसाठी पदरचं काही जास्त दिलं, तेवढं मात्र बरोबर सापडलं. मी काहीतरी बोलणार होतो, पण अण्णा त्या नमुन्याकडंच बघत होते.

मग ते स्टोअरकीपरकडं गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नमुन्याला गंज चढलाय की रं. न्हेतो आनि रंग मारून देतो." स्टोअरकीपरची काहीच हरकत नव्हती. बाक टेम्पोत बसून उद्यमनगरात गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. ताजा रंग, वरचा सह्यांचा कागद जसाच्या तसा, आणि खाली एक आडवा दांडा.

पुन्हा तपासणी झाली. ह्या वेळी साहेबही आले. मालाला दांडा होता, नमुन्यालाही दांडा होता, आणि नमुन्यावर त्यांच्याच सह्या होत्या. साहेब इंजिनियरवर उखडले, "नमुन्यात दांडा आहे की. बघून बोलत जा जरा." इंजिनियर म्हणाले, "तेच म्हणत होतो सर, दांडा पाहिजेच." माल पास झाला. अण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बूड कोन बगतंय, खडूवाले."

त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन कळंब्याला त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दोन खोल्या, अण्णा आणि वहिनी, तिसरं कुणी नाही. कोपऱ्यात एक छोटी हिरवी लोखंडी खुर्ची होती. मला चेव आला. म्हटलं, "थांबा अण्णा, आज मी बूड बघतो," आणि ती उलटी केली.

तिच्या पायांना जोड होते. एकाखाली एक तुकडा जोडत आणलेला, प्रत्येक जोड घासून साफ केलेला. "वा," मी म्हटलं, "लोकांच्या वेल्डिंगातल्या चुका काढता आणि घरात जोडाची खुर्ची?"

वहिनी आत निघून गेल्या. अण्णांनी खुर्ची माझ्या हातातून घेतली आणि हळूच खाली ठेवली.

"संज्याची हाय," म्हणाले. "पहिलीत गेला तवा रोज रडत यायचा. पाय लोंबत्यात म्हनायचा. म्हटलं, घरात तरी टेकूदेत. मग जरा वाढला की येवडा येवडा तुकडा जोडत गेलो." त्यांनी बोटांत अंतर धरून दाखवलं. "तिसरीत कावीळ झाली. म्होरं जोडाय लागला न्हाई."

मी पेढ्यांचा पुडा हातात धरून तसाच उभा राहिलो.

"हुबं का?" अण्णा ओरडले. नेहमीच्याच आवाजात. त्यांनी भिंतीकडची मोठी खुर्ची ओढली, उलटी केली, चारी पाय हातानं हलवून बघितले आणि माझ्यापुढं सरळ ठेवली. "बसा."

मी बसलो. त्यांनी खाली वाकून माझे पाय बघितले.