बाटलीवरच्या आठ खुणा

बाटली सांडली तेव्हा थोरलीला आधी भिंत दिसलीच नाही. दिसली ती पट्टीवरची खूण. चारवरून एकवर.

आई जन्मभर औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिली. घरच्या तिखट सॅलड ड्रेसिंगलाही तिने औषधाचीच बाटली दिली होती. कागदी पट्टीवर आठ खुणा, खाली तिच्या अक्षरात ‘दोन चमचे, जेवणासोबत. घेण्यापूर्वी हलवा.’ तेल, लिंबू, लसूण, मोहरी, लाल मिरची. “तेल पोटात गेल्याशिवाय गाजर अंगी लागत नाही,” असं ती गिऱ्हाइकांनाही ऐकवायची. तिला जाऊन दीड महिना झाला होता. दोन्ही भावंडं आठवडाभर बाबांकडे राहायला आली, तेव्हा फ्रिजमध्ये तिच्या हातचं एवढंच उरलं होतं.

थोरलीने हुकुमाप्रमाणे बाटली हलवली. झाकण नुसतं टेकवलेलं होतं. बाबांची जुनी खोड. आई असती तर म्हणाली असती, “झाकण लावायला काय माणूस ठेवू?”

बाबा फिरून यायच्या आत तिने भिंत पुसली, लसूण ठेचला आणि बाटली चारपर्यंत भरली. दुसऱ्या दिवशी पाहते तर सहा!

“बाबा, तुम्ही सॅलड खाता ना?”

“खातो की. दोन्ही वेळा.”

ती गाजर किसायला वळली. चोराच्या मनात चांदणं.

रविवारी बाटली गळ्यापर्यंत आली. धाकट्याने बटाट्यावर ओतून चाखलं आणि बोलून गेला, “मोहरी फार झाली. मी एवढी नव्हती घातली.”

“तू घातलीस?”

“अंड्यावर रोज थोडं ड्रेसिंग घेतो गं ताई, म्हणून रोज थोडं भरतो. हात जरा सढळ पडतो.”

मग थोरलीनेही कबूल केलं. “आता आईची चव उरली तरी असेल का यात?”

बाबा काकडीकडे बघत म्हणाले, “तिचं कुठलं? ते मी पहिल्याच आठवड्यात संपवलं. पावाने बाटली पुसून. मग तुम्ही येणार म्हणून...”

“तुम्ही केलंत? तुम्हाला चहा जमत नाही!”

“म्हणून तर चारच खुणा भरल्या.”

काहीतरी करायचं म्हणून धाकट्याने बाबांच्या पुढ्यातली बाटली उचलून जोरात हलवली. भिंत पुन्हा लाल.

“झाकण लावायला काय माणूस ठेवू?”

तिघांनीही स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग दोघांनी थोरलीकडे. तिचा हात तोंडावर गेला होता.

बाबा उठले. टेबलाखालून झाकण शोधलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच घट्ट फिरवून लावलं.