हे वाळेपर्यंत ते

चष्मेवाल्यांच्या घरात जेवणाचं टेबल होतं, पण त्यावर जेवून तीन महिने झाले होते. टेबलावर डोंगर होता. डोंगराला बोगदा होता आणि बोगद्याला अजून दुसरं तोंड नव्हतं. पलंगावर पुठ्ठ्याचा लांबलचक पूल, कपाटावर इंजिनाची शेड, वॉशिंग मशीनवर मालधक्का आणि खिडकीत एक छोटंसं स्टेशन. दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन वीतभर रेल्वे उभारायची, हा त्यांचा छंद. छंद एक आणि कामं पाच, इथेच घोडं अडलं होतं.

“अहो, एक तरी पुरं करा की!” बायको म्हणायची.

“अगं, डिंक वाळायला वेळ लागतो. हे वाळेपर्यंत ते करतो.”

“आणि ते वाळेपर्यंत?”

“पलीकडचं.”

बायको शाळेत गणित शिकवायची. हे गणित कधीच सुटणार नाही, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

स्टेशनची गोष्ट मात्र वेगळी होती. चष्मेवाल्यांचे वडील स्टेशनमास्तर. वीस वर्षं त्यांनी एका आडबाजूच्या स्टेशनावर काढली. पुढे ती लाइनच बंद पडली, रूळ उखडले, इमारत पाडली. “बाबा, तुमच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तुमचं स्टेशन तुमच्या हातात देतो,” असं चष्मेवाल्यांनी चार वर्षांपूर्वी कबूल केलं होतं. बाबा लेकीकडे दुसऱ्या गावी राहत. दर रविवारी फोनवर विचारत, “काय रे, माझी गाडी कुठवर आली?”

“आलीच बाबा, सिग्नलला थांबलीय.”

बाबा हसत. गेल्या महिन्यात मात्र हसले नाहीत. “लवकर कर रे. आता बारीक काही दिसत नाही,” एवढंच म्हणाले. जगाला चष्मे देणाऱ्या मुलाला हे बापाने फोनवर सांगावं, याची चष्मेवाल्यांना फार लाज वाटली.

वाढदिवस रविवारी होता आणि त्यासाठी बाबा येणार होते. शनिवारी त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि उजाडल्यापासून स्टेशन धरून बसले. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं, फलाटावर बाक आला, दाराशी नखाएवढी घंटा लागली. दहा वाजता शेवटचा डिंक लावून त्यांनी स्टेशन दाराजवळच्या खुर्चीवर ठेवलं आणि धूळ बसू नये म्हणून वर रुमाल पांघरला. संध्याकाळपर्यंत ते वाळणार होतं. आयुष्यात प्रथमच ते वेळेवर होते.

“आता टेबल मोकळं करा,” स्वयंपाकघरातून बायकोने बजावलं. “उद्या बाबांना काय डोंगरावर वाढू?”

डोंगर ठेवायला पलंग हवा, पलंगावर पूल. पूल ठेवायला कपाट हवं, कपाटावर शेड. शेडला मशीन हवं, मशीनवर मालधक्का. चष्मेवाल्यांनी मालधक्का उचलून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ठेवला आणि शेड मशीनवर ठेवली. मशीन चालू होतं. शेड थरथरत काठाकडे निघाली, तेव्हा तिला झडप घालून पकडलं आणि पलंगाखाली सरकवलं. पूल कपाटावर मावेना, म्हणून तो खोलीत आडवा टाकला. मग डोंगर उचलला. तेव्हा कळलं, की आता पलंग पुलापलीकडे आहे, आणि पूल ओलांडावा इतके आपले पाय लांब नाहीत. मागे वळावं, तर डोंगर दाराच्या चौकटीला लागतो.

“अहो, मी बाहेर कशी येऊ?” बायको मालधक्क्यापलीकडून ओरडली.

“तू निदान रिकाम्या हाताने अडकलीयेस!”

एवढ्यात नुसतं लोटलेलं बाहेरचं दार उघडलं आणि बाबा आत आले, हातात पिशवी, खांद्यावर हिरवा टॉवेल.

“बाबा! तुम्ही उद्या येणार होतात ना?”

“स्टेशनमास्तर गाडीच्या आधी हजर असतो.” बाबांनी घरभर नजर फिरवली. पिशवी खाली ठेवली. त्यांची पाठ एकदम ताठ झाली. “हलू नकोस! डोंगर जागेवर. सूनबाई, मालधक्का आत ओढून घे. बाहेर ये. पुलाचं ते टोक धर... मागे... आणखी मागे... थांब! आता डोंगर येऊ दे.”

हिरवा टॉवेल हलत होता आणि घर हलत होतं. दहा मिनिटांत डोंगर पलंगावर, पूल भिंतीशी, टेबल मोकळं.

“बावीस वर्षांनी शंटिंग केलं रे!” बाबा धापा टाकत म्हणाले आणि समाधानाने दाराजवळच्या खुर्चीवर बसले.

बारीकसा आवाज झाला. चष्मेवाले खुर्चीकडे धावले.

“काय झालं?”

“बाबा, उठा... नाही, बसा. आता बसाच.”

बाबा उठले. रुमाल बाजूला केला. चारी भिंती आडव्या, त्यांवर छप्पर. त्यांनी नखाएवढी घंटा उचलून डोळ्यांजवळ नेली आणि बराच वेळ पाहिली. “ही माझी घंटा.”

“झालं होतं बाबा. खरंच झालं होतं.” पन्नाशीच्या चष्मेवाल्यांना सरळ रडूच फुटलं.

बाबांनी एक भिंत बोटाने चाचपली. “अरे, रडतोस काय? मोडलंय कुठे, सुटलंय नुसतं. डिंक ओला आहे. शहाण्यासारखं आठवडाभर आधी केलं असतंस, तर कडक वाळलं असतं आणि आज चुरा गोळा करावा लागला असता.”

आपल्या दिरंगाईचं कोणी इतकं कौतुक करेल, असं चष्मेवाल्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

“मी इथेच राहतो आता,” बाबांनी जाहीर केलं. “आणि एका लाइनवर एका वेळी एकच गाडी. स्टेशन होईपर्यंत बाकी सगळं बंद.”

बायको इतकी खूश झाली, की तिने स्वतः चादरी आणून बाकीची चारही कामं झाकून टाकली. चष्मेवाल्यांनी त्याच दिवशी बाबांचे डोळे तपासले आणि रविवारी सकाळी नवा चष्मा त्यांच्या नाकावर बसवला. बापलेक रोज टेबलाच्या एका कोपऱ्यात बसू लागले. “खिडकी डावीकडे. तिथून मला गाडीचा धूर दिसायचा,” बाबा सांगत, आणि चष्मेवाले खिडकी डावीकडे घेत. उरलेल्या टेबलावर तिघं जेवत.

पंधराव्या दिवशी स्टेशन पुरं झालं. शेवटचा रंग बाबांनी स्वतःच्या हाताने दिला. बायको जेवणाची ताटं घेऊन आली. बाबांनी स्टेशनाकडे पाहिलं, मग भिंतीकडच्या चादरीकडे पाहिलं, आणि उगाच खाकरले.

“सूनबाई, रंग वाळायला किती वेळ लागतो गं?”

“संध्याकाळपर्यंत लागेल, बाबा.”

“मग... हे वाळेपर्यंत तो पूल जरा टेबलावर घेऊ या का?”

बायकोने ताटं उचलली आणि वॉशिंग मशीनवर नेऊन मांडली.