उलटे होणारे बिडकर

दर गुरुवारी सकाळी बिडकर अंगणात उलटे होत. पिंपरीच्या आमच्या भागात गुरुवारी कारखाने बंद, त्यामुळे सगळी कॉलनी घरी असायची आणि प्रेक्षकांना तोटा नसायचा. कडुलिंबाच्या जाड फांदीला दोन दोरांनी त्यांची होडी टांगलेली असे. बिडकर तिच्यात कमरेपर्यंत शिरून बसत. मी आणि शेजारचे कांबळे मिळून ती गर्रकन उलटी करायचो. मग डोकं खाली आणि होडी वर अशा अवस्थेत बिडकर वर्गात शिकवल्यासारखे बोलू लागत, "पुढं वाका. पट्टा ओढा. पाटलोण काढतात तशी होडी काढा." आणि खाली पसरलेल्या गादीवर धप्पकन येऊन पडत.

बिडकर आमच्या कंपनीत पॅटर्न शॉपला होते. ओतकामाला लागणारे लाकडी साचे बनवायचे. परदेशातून आलेला एक इंजिनिअर जाताना भिंतीवर एक कॅलेंडर सोडून गेला, त्यावर बिडकरांनी एक लांब, निमुळती, वरून झाकलेली होडी पाहिली. तिचं नाव कयाक. तेव्हापासून माणूस कामातून गेला. सागाच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर हिरवा रंग दिलेली ताडपत्री आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं एकच वल्हं. बसणाऱ्याच्या कमरेला ट्यूबच्या रबराचा झगा. तो होडीच्या तोंडावर, म्हणजे बसायच्या भोकावर, ताणून बसवला, की आत पाणी येत नाही. मात्र होडी उलटली तर आतला माणूसही बाहेर येत नाही. म्हणून झग्याला पुढं एक पट्टा होता. तो ओढला की झगा सुटायचा.

त्या पट्ट्यानं बिडकरांच्या डोक्यात घर केलं. कुठंही गेले तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आधी बाहेर कसं पडायचं ते सांगा." मंगल कार्यालयात अक्षता पडायच्या आत ते मागचं दार हुडकून येत. सिनेमाला दाराशेजारची खुर्ची मिळाली नाही, तर तिकीट परत करत. माझ्या मेव्हण्यासाठी मुलगी पाहायला मी यांना हौसेनं बरोबर नेलं. पोह्यांची बशी हातात घेऊन यांनी मुलीच्या वडिलांना विचारलं, "या घराला मागून वाट आहे ना?" तरीही ते लग्न जमलं याचं मला अजून नवल वाटतं.

होडीत बसायच्या जागा दोन होत्या. मागची बिडकरांची. पुढच्या जागेवर कापडी झाकण आणि आत मऊ उशी. आम्ही सगळे तिथं बसायला मागून दमलो. "रिझर्व्ह आहे," एवढंच उत्तर मिळे. कोणासाठी, ते सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. सुमनवहिनींसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी.

वहिनी बीडकडच्या. कोरड्या मुलखात वाढलेल्या, पाणी पाहिलं ते विहिरीच्या तळाशी. घरात मूलबाळ नाही, बिडकर शिफ्टला गेले की दोन खोल्यांत एकट्या. गुरुवारी तरी दोघांनी नदीवर जावं, पाण्यातून लांबवर फिरून यावं, एवढीच बिडकरांची इच्छा होती. पण होडी तयार झाली त्या दिवशी वहिनींनी विचारलं होतं, "अन् उलटली तर?" बिडकरांना उत्तर देता आलं नव्हतं. तेव्हापासून ते झाडाला टांगून घेऊन उत्तर देत होते आणि वहिनी दारात तांदूळ निवडत बघत होत्या. पटत काही नव्हतं. "झाडाला कुठं पाणी असतंय, भावजी?" असं मला म्हणायच्या.

त्या वर्षी खंडेनवमीला कंपनीत रिवाजाप्रमाणे सगळ्या मशिनांना हार पडले. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, वहिनी आपण होऊन म्हणाल्या की होडीची पूजा राहिली, मी नदीवर येते. बिडकर सकाळपासून शीळ घालत होते. रावेतला पवनेचं पाणी भरपूर होतं, पण संथ. आम्ही तिघं पोचलो. बिडकर होडीत बसले, झगा चढवला. वहिनींनी भीत भीत काठाशी येऊन होडीला कुंकू लावलं आणि झेंडूचा भला मोठा हार होडीच्या तोंडाभोवती, बिडकरांच्या कमरेलगत, सुतळीनं करकचून बांधला. "मशिनीला बांधतेत तसा बांधलाय, सुटायचा न्हाई," मला म्हणाल्या. कार्यालयांची मागची दारं तपासणारा हा माणूस, पण बायको पहिल्यांदाच नदीवर आली होती. त्यांनी हाराकडं पाहिलंसुद्धा नाही, तिच्याकडंच पाहत होते.

नदीच्या मध्यावर पलीकडून म्हशी पोहत येत होत्या. त्यांतल्या एकीला होडी पाहायची हौस आली. तिचं शिंग वल्ह्याला लागलं आणि बिडकर उलटे झाले. पाण्यावर फक्त हिरवं बूड राहिलं.

मी निवांत होतो. वाका, ओढा, काढा, मला सगळं तोंडपाठ होतं. वहिनींना म्हणालो, आता बघा. आम्ही बघत राहिलो. कोणी वर येईना. अडचण आली तर आतून बुडावर ठोकायचं असं ठरलं होतं, तोही आवाज नाही. म्हशीवाला म्हणाला, "सायेब न्हाई आलं अजून वर." मी घड्याळासकट पाण्यात धावलो. मागं वळून पाहिलं तर वहिनीही पाण्यात शिरल्या होत्या, गुडघ्याच्या वर.

तेवढ्यात झेंडूच्या फुलांतून बिडकरांचं डोकं वर आलं. कुठल्याही माणसाला पाहून मला इतका आनंद आजवर झालेला नाही.

होडीला धरून ते काठाकडं आले. मी हात देऊन त्यांना ओढलं, तर तळहातावर सुतळीची लालभडक रेघ, रक्त, आणि मुठीत तुटलेली सुतळी. झग्याचा पट्टा हाराखाली दाबला गेला होता. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझं मनगट दाबलं.

वहिनींनी विचारलं, "एवढा वेळ खाली काय करत होता?"

"काही नाही गं," बिडकर धापा टाकत म्हणाले, "पाणी इतकं छान होतं, म्हटलं जरा थांबावं. बाहेर काय, केव्हाही येता येतं." आणि सुतळी हळूच पायानं चिखलात दाबली.

वहिनी आधी रडल्या, मग माझ्यावर रागावल्या, मग पदरानं बिडकरांचं डोकं पुसता पुसता म्हणाल्या, "गुरुवारी मला शिकवा. झाडाला नको. इथं."

वर्षभर ते दोघं दर गुरुवारी रावेतला जात राहिले. कडुलिंबाखालची गादी घरात गेली. पुढच्या दसऱ्याला मीही गेलो होतो. होडीच्या टोकाला एक पितळी हुक दिसला. वहिनींनी पिशवीतून हार काढताच बिडकर म्हणाले, "इथं अडकव. इथं जास्त शोभतो."

वहिनींनी हार अडकवला. पुढच्या जागेवर बसल्या, झगा नीट केला आणि मागं न वळता विचारलं, "या वर्षी तुमचा पट्टा मोकळा आहे ना?"

बिडकरांचं वल्हं हातातच राहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी नाही अशी मान हलवली, मी काही सांगितलं नव्हतं.

"मोकळा आहे," ते शेवटी म्हणाले.

"मग चला," वहिनी म्हणाल्या.