बिराजदार सरांचं मॅग्नेशियम

आमच्या कॉलेजात कुठं भांडण लागलं की बिराजदार सर जवळ येऊन मान हलवतात आणि म्हणतात, "मॅग्नेशियम कमी पडायलंय." मग भांडण कुणाच्या घरचं सासू-सुनेचं असो की प्राचार्य आणि हेडक्लार्कचं.

सर उदगीरचे. लातुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायला लागून तीस वर्षं झाली. लग्न केलं नाही, जिवाणू वाढवले. मी मराठीचा मास्तर, पण त्यांच्यामुळं मलाही तोंडपाठ झालंय: जिवाणूत प्रथिनं तयार करणारं रायबोसोम असतं, त्याचे दोन भाग मॅग्नेशियममुळं एकमेकांना धरून राहतात. मॅग्नेशियम संपलं की भाग सुटतात आणि काम बंद.

क्षार तोलताना सर भर मे महिन्यातही पंखा बंद करतात. त्यांच्या हाताखाली माणूस टिकत नाही. काचेची भांडी नीट धुतली नाहीत म्हणून त्यांच्या तक्रारीवरून तिघं घरी गेले. चौथ्या इस्लापूरकडच्या गंगामावशी. कंत्राटावर लागलेल्या, दोन पोरी शिकवणाऱ्या.

परवा सरांनी प्राचार्यांसकट आम्हा सगळ्यांना प्रयोग बघायला बोलावलं. जिवाणू फोडून काढलेला रस दोन नळ्यांत होता. प्रथिन तयार झालं की हिरवं चमकणार. एकीत मॅग्नेशियम घातलेलं, दुसरीत नाही. निळा दिवा लावला तर दोन्ही हिरव्या. दुसरी जरा फिकी, पण हिरवीच.

सरांनी आधी, ज्यातलं पाणी दोन्ही नळ्यांत घातलं होतं, त्या शुद्ध पाण्याच्या कॅनकडं पाहिलं, मग मावशींकडं. मावशींनी सरांना आणि शेजारच्या मलाच ऐकू येईल असं हळूच कबूल केलं की सकाळी नळ आला नव्हता म्हणून शुद्ध पाणी तयारच झालं नाही, कॅन रिकामा होता, सरांचं काम अडायला नको म्हणून त्यांनी बोअरचं पाणी भरलं. आमच्या बोअरच्या पाण्यात मॅग्नेशियमसकट क्षार इतके की बादलीला पांढरा थर बसतो. मावशींची नोकरी गेली म्हणून समजा.

"पाणी कुणी भरलं?" कॅनकडं बघत प्राचार्यांनी विचारलं.

"मीच," सर म्हणाले. आणि लगेच, लातूरच्या नुसत्या पाण्यावरही जिवाणूचं यंत्र कसं चालतं, यावर त्यांनी अर्धा तास असं खुशीत भाषण ठोकलं की प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर चहा पिताना मी त्यांना छेडलंच, की यावेळी तक्रार कशी नाही?

सरांनी कप खाली ठेवला.

"नव्या फडक्यातून तीनदा गाळलं म्हणं तिनं," ते म्हणाले. "माय गेल्यापासून माझ्यासाठी कुणी पाणी गाळलं न्हवतं हो."