रद्दचा शिक्का

लग्नात जेवण झालं की लोक बडीशेप तोंडात टाकतात आणि चपला शोधतात. आमचे म्हस्कूआबा खिशातून पत्रिका काढतात, मांडवाच्या दारात उभे राहतात आणि तिच्यावर ‘रद्द’ असा लालभडक शिक्का मारतात. एकदा हे नवरीच्या बापानं पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. भरल्या मांडवात रद्द! आबा शांतपणे म्हणाले, “पाव्हणं, घाबरू नका. लग्न नाय, पत्रिका रद्द. येक डाव वापरली, संपली.”

शिक्का कायम सदऱ्याच्या खिशात, म्हणून सगळ्या सदऱ्यांना डाव्या बाजूला लाल डाग. एसटीचं तिकीट रद्द, जत्रेच्या पाळण्याचं तिकीट रद्द. मी शाळेतून रिटायर झाले तेव्हा त्यांना म्हटलं, “आबा, आता मलाही मारून टाका एक.” तर म्हणाले, “बाई, तुमचा वापर अजून चालू हाय.” आणि पुढच्याच महिन्यात मला सोसायटीची सेक्रेटरी करून मोकळे झाले. उस्मानपुऱ्यात आमची चार मजल्यांची इमारत आहे. आबा पहिल्या मजल्यावर सहा नंबरला राहतात.

शिक्क्याचं मूळ त्यांच्या नोकरीत. शेंद्र्याच्या एका कारखान्यात ते विजेच्या दाखल्यांचं काम बघतात. तिथं गाड्यांचे सुटे भाग होतात, परदेशी जातात. तिकडचं गिऱ्हाईक विचारतं, हे करायला वीज कुठली वापरली, कोळशाची की वाऱ्याची? मी म्हटलं, “आबा, तारेतल्या विजेवर काय गावाचं नाव लिहिलेलं असतं होय?”

“डेअरीच्या टाकीत समद्यांचं दूध येक होतंय का नाय?” आबा म्हणाले. “कुठलं दूध कुठल्या म्हशीचं, कोण सांगणार? पण कुणी किती घातलं त्ये डेअरीच्या वहीत असतंय. तसंच हाय ह्ये.”

पवनचक्कीनं हजार युनिट वीज तारेत घातली की तिला एक दाखला मिळतो. तो कारखाना विकत घेतो आणि सांगतो, एवढी वीज आम्ही वाऱ्याची वापरली. वापरायच्या आधी दाखला एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करता येतो. एकदा वापरला की मात्र रद्द. नाहीतर एकच वारा दहा कारखाने आपला म्हणून सांगतील. हे रद्द करायचं काम खरं तर कंप्युटर करतो, पण आबांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. ते प्रत्येक दाखला छापून घेतात आणि वर आपला शिक्का हाणतात.

एका साहेबानं त्यांना सुचवलं होतं, वापरलेलेच दाखले आपल्या दुसऱ्या कारखान्यासाठीही दाखवून टाका, कोण बघतंय? आबा म्हणाले, “मी बघतोय की.” त्यानंतर आबांची खुर्ची गोदामाशेजारी गेली, ती अजून तिथंच आहे.

आबांची बायको ताराआक्का ह्या नोकरीचं सांगताना पोट धरून हसायची. “माझा सासरा मेंढरं मोजायचा, नवरा वारा मोजतोय!” आबांचे वडील मेंढरं राखायचे. दिवस मावळता काट्याच्या कुंपणात एकेक मेंढरू आत घ्यायचं आणि मोजलं की त्याच्या पाठीवर गेरूचं बोट ओढायचं, म्हणजे ते दुसऱ्यांदा मोजलं जात नाही. तिनं हे सांगितलं त्या दिवशी आबांचं कोडं मला सुटलं.

ताराआक्काही मेंढरांमागं वाढलेली. लहानपणी पाण्यासाठी कोस-कोस चाललेली. घरात रिकामा हंडा दिसला की तिला झोप लागायची नाही. स्वयंपाकघरात तिचे तांब्याचे दोन हंडे असायचे, कायम काठोकाठ भरलेले. अशी बाई चार दिवसांच्या तापात गेली. आबांनी तेराव्यालाही डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. लोक म्हणाले, दगड आहे हा माणूस. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

मग पुन्हा दुष्काळ पडला. जायकवाडी आटलं, नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. शहर चहूबाजूंनी वाढत होतं आणि बोअर खाली-खाली चालले होते. सोसायटीनं टँकर लावला. माणशी दोन हंडे, असं ठरलं. मागच्या दुष्काळातली यादी माझ्याकडं होतीच, तीच मी काढली. जिथं बिऱ्हाड बदललं होतं तिथं नाव बदललं, बाकी तशीच ठेवली. रोज सकाळी टँकरपाशी उभी राहून मी नंबर पुकारायचे. “पाच नंबर, आठ हंडे. सहा नंबर, चार हंडे.”

तिसऱ्या मजल्यावरची नसरीन बाळंतीण होती, नुकतीच माहेराहून आलेली. एके दिवशी रडवेली होऊन माझ्याकडं आली. “बाजी, माँ के पास से आए तो बच्ची लिस्ट में नहीं चढ़ी. दो हंडे और दिलाओ ना. लंगोट धोने कू भी पानी नहीं पुरता.” टँकरात थेंब शिल्लक राहत नव्हता. कुणाचं कमी करावं म्हणून मी यादी बोटानं वाचत गेले आणि सहा नंबरवर बोट थांबलं. म्हस्कू. तारामती.

तिच्या तेराव्याला पंगत वाढलेली बाई मी, आणि महिनाभर तिचं पाणी पुकारत होते! आणि आबा? दोनदा मोजलेलं ज्याला स्वप्नातही खपत नाही, तो माणूस महिनाभर गुपचूप चार हंडे उचलत होता.

तरातरा गेले सहा नंबरला. स्वयंपाकघरात तांब्याचे दोन्ही हंडे काठोकाठ भरलेले, वर धुतलेलं फडकं.

“आबा, ह्या पाण्याचं करता काय?”

“काय नाय. भरून ठिवतो. शिळं झालं की गेटापाशी तिनं लावलेल्या लिंबाला घालतो.”

“झाडाला? वर तान्हं लेकरू पाण्यावाचून बसलंय आणि तुम्ही झाडाला घालताय?” माझं डोकंच फिरलं होतं.

आबा खाली बसले. “लेकराचं मला ठावं नव्हतं, बाई.” बराच वेळ बोटानं फरशीवर रेघा ओढत राहिले. “पयल्या दिशी तुम्ही ‘सहा नंबर, चार हंडे’ म्हणालात. लई दिसांनी कुणीतरी तिला मोजलं. माझ्या तोंडून नाय निघालंच नाय.”

लोक म्हणाले होते तो दगड माझ्यासमोर बसून लहान पोरासारखा रडत होता. मीही पदर डोळ्यांना लावून तशीच परत आले. उद्यापासून दोनच, हे सांगायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा आबा सगळ्यांच्या आधी हजर होते. म्हणाले, “यादी द्या.” खिशातून शिक्का निघाला. ‘तारामती’वर त्यांनी तो धरला. पण टेकवला नाही. मी म्हटलं, “आबा, राहू द्या. मी खोडते.”

“खोडायचं नाय.” त्यांनी शिक्का परत खिशात घातला. “रद्द कशाला करत्यात? वापरलेल्याला. जिच्या नावाचं पाणी, तिनं येक घोटबी घेतला नाय. न वापरलेलं रद्द हुत नाय, बाई. त्ये दुसऱ्याच्या नावावर करायचं असतंय.” माझं पेन घेऊन त्यांनी ताराआक्काच्या नावापुढं बाण काढला आणि नसरीनला विचारलं, “पोरीचं नाव काय ठिवलं?”

“अभी नहीं रखा, आबा.”

त्यांनी ‘नसरीनची लेक’ असं लिहिलं. खाली सही केली. मग घरातून ताराआक्काचे दोन्ही हंडे आणले, त्यांतलं पाणी नसरीनच्या बादलीत ओतलं आणि हंडे तिच्यापुढं ठेवले.

मी नंबर पुकारले. “सहा नंबर, दोन हंडे.” आबांनी आपले दोन भरून घेतले, पण वर गेले नाहीत. नसरीनचे भरेपर्यंत तिथंच उभे राहिले. ती जिना चढायला लागली तेव्हा खालून म्हणाले, “पोरी, रिकामं ठिवू नको बरं का. रिकामा हंडा दिसला की तिला झोप लागत नाय.”