सेतुरावांचा दुसरा पंच

स्वतःच्या डोळ्यांनी न पाहिलेली गोष्ट सेतुराव खरी धरत नसत. मद्रासमधल्या नुंगंबाक्कमच्या आमच्या कचेरीत कुणी विचारलं, "राव, पाऊस आहे का हो?" तर ते आधी खिडकीपर्यंत जाऊन येत. एकदा साहेबांनी विचारलं, सुंदरम निवृत्त झाला ना? आदल्याच दिवशी सुंदरमच्या निरोपाचं जेवण सेतुराव चापून जेवले होते. तरी म्हणाले, "हार घालतांना पाह्यलों. आज तो आला नाही, हें अजून पाह्यलों नाही." आणि सुंदरमची खुर्ची बघायला उठले.

ते तंजावरकडचे मराठी. पिढ्यान् पिढ्या तिकडेच मुरलेलं त्यांचं मराठी तमिळ हेल काढत सावकाश यायचं. माझं सांगलीचं मराठी ऐकून त्यांना धाप लागे. "लिमये, तुम्ही बोलतां की धांवतां?" असं ते विचारत.

असा माणूस पंच होणार नाही तर कोण होणार? मद्रासच्या शाळाशाळांतल्या बास्केटबॉल सामन्यांना ते वर्षानुवर्षं पंच म्हणून उभे राहत. मी कॉलेजात खेळत असे, हे त्यांना कळलं आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलावर शिट्टी आली. मी त्यांचा दुसरा पंच झालो.

दर रविवारी आधी त्यांच्या तिरुवल्लिकेणीच्या घरी कॉफी, मग सामना, असा शिरस्ता पडला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दिल्लीला. टेबलावर पाच इडल्या आणि पाच वडे मांडून ते मला डाव समजावत. डाव संपला की दोन्ही संघ आम्ही खाऊन टाकत असू. त्यांची शिकवण एकच होती. चेंडू काय, सगळं मैदान बघतं. एका पंचाने चेंडू बघावा आणि दुसऱ्याने चेंडू नसलेल्या पोरांवर नजर ठेवावी, कारण खऱ्या खोड्या तिथे चालतात. ती पोरं माझ्या वाटणीला होती. सेतुराव निवृत्त झाले तरी रविवार चुकला नाही.

मग एका रविवारी मी गेलो नाही. पुण्याहून मेहुणी आली होती आणि तिला टी. नगरला कांजीवरम घ्यायची होती. निरोपसुद्धा धाडला नाही. एक दिवस एकटे निभावून नेतील, असं स्वतःला सांगितलं आणि साड्यांचे रंग बघत बसलो.

त्या दिवशी अड्यारला सोळा वर्षांखालच्या मुलींचा अंतिम सामना होता. पुढचं मला गुण लिहिणाऱ्याने सांगितलं. सेतुरावांनी माझी अर्धा तास वाट पाहिली आणि लोक कुरकुरायला लागल्यावर एकट्यानेच सामना सुरू केला. शिट्टी झाली की दोन पंचांनी जागा बदलायच्या असतात. हे एकटेच या टोकाचे त्या टोकाला जात, पुन्हा धावत परत येत. प्रेक्षक हसत होते. शेवटच्या मिनिटाला त्यांची नजर चेंडूवर होती. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे एका मुलीला दुसरीने शर्ट धरून मागे ओढलं. ती पडली आणि तिचं मनगट मोडलं. सगळं मैदान ओरडत होतं, पण सेतुराव म्हणाले, "मज दिसलं नाही." न दिसलेला फाऊल त्यांनी दिला नाही. त्या मुलीचा संघ एका गुणाने हरला. सामना संपल्यावर तिच्या शाळेतल्या बाईंबरोबर तिला इस्पितळात घेऊन गेले तेही सेतुरावच.

सोमवारी ते माझी चौकशी करायला कचेरीत आले तेव्हा मी ताप आल्याचं सांगितलं. बुधवारी सामन्यांच्या समितीपुढे आम्हां दोघांना बोलावणं आलं. मुलीच्या शाळेने तक्रार केली होती. अध्यक्ष म्हणाले, दुसरा पंच विनाकारण गैरहजर असेल तर त्याचं नाव पंचांच्या यादीतून कायमचं जाईल. मी पुन्हा तापाचं सांगितलं. त्यांनी सेतुरावांना विचारलं, तुम्ही यांना आजारी पाहिलंत का?

सेतुरावांनी माझ्याकडे एकदा बघितलं.

"होय, पाह्यलों. रविवारीं सकाळीं यांच्या घरीं जाऊन आलों. अंगांत ताप होता. सामना थांबवायचा, तो मीच नाही थांबवला. चूक माझी."

मी शेजारच्या खुर्चीत बसून होतो. नुसतं "हे खोटं आहे" म्हणायचं होतं, तेवढंही माझ्याने झालं नाही. सेतुरावांचं नाव यादीतून काढलं गेलं.

रस्त्यावर आल्यावर मी सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "मज ठाऊक आहे. इस्पितळांतून येतांना बसमधून तुम्हांला टी. नगरांत पाह्यलों. बरोबरच्या बाईंच्या हातांत पिशव्या होत्या."

मग खोटं का बोललात, असं मी विचारलं.

"तुमचं नांव गेलं असतं तर रविवारीं तुम्ही इकडे कशाला येतां? माझं गेलं तर काय झालं. तुम्ही सामन्याला जाणारच. वाटेंत कॉफीला येतां येईल की."

मी येईन म्हणालो.

पुढच्या रविवारी अड्यारची बस त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. ते दारात उभे असतील, हे मला माहीत होतं. मी उतरलो नाही. त्यांच्यासमोर बसून कॉफी प्यायचं तोंड मला नव्हतं, हे खरं. पण हे कारण त्यांना कोण सांगणार होतं? त्याच्या पुढच्या रविवारीही मी उतरलो नाही.

मग दर शुक्रवारी कचेरीत त्यांचा फोन येऊ लागला. मी जागेवर नाही म्हणून सांग, असं मी शिपायाला बजावून ठेवलं होतं. सहा महिन्यांनी माझी पुण्याला बदली झाली. माझ्या शेवटच्या शुक्रवारीही त्यांचा फोन आला होता.