पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला पाय

पाहुण्यांच्या आधी घरच्यांनी ताटाला हात लावू नये, ही आपली संस्कृती आहे. आणि जे ताटाला लागू पडतं ते गळवाला का लागू पडू नये, याचं समाधानकारक उत्तर आजवर कोणी दिलेलं नाही. पनवेलच्या एका धर्मादाय रुग्णालयाने हे तत्त्व मनापासून अंगीकारलं होतं. तिथे दरवर्षी परदेशी स्वयंसेवक डॉक्टरांचं पथक दोन आठवड्यांसाठी येई (पैकी स्वागत, निरोप, एलिफंटा आणि बिघडलेली पोटं वजा जाता सेवेला चारेक दिवस उरत). एवढ्या लांबून आलेल्या माणसांना रुग्ण कमी पडले तर गावाची काय शोभा राहील? म्हणून पथक येण्याआधी बघण्याजोग्या जखमांना कुणी हात लावायचा नाही, असा व्यवस्थापक चारुदत्त यांचा नियम होता. सर्दी-खोकला मात्र स्थानिकांना मोकळा होता.

वॉर्डच्या इन्चार्ज शशिकला सिस्टरना हा नियम मान्य नव्हता. पण त्यांना मान्य नसलेल्या नियमांवरच तर रुग्णालय इतकी वर्षं चाललं होतं! त्यातून स्वागताच्या रांगोळीसाठी त्यांच्या दोन नर्स पळवलेल्या, त्यामुळे बाईंचं डोकं आधीच तापलेलं होतं.

शुक्रवारी बुधा आला. शिरढोणच्या बाजूला वीटभट्टीवर खिळा घुसून त्याच्या पायाचा अंगठा टरारून सुजला होता, अंगात ताप होता. बायको गंगू त्याला खांद्याच्या आधाराने घेऊन आली होती.

"आत्ताच्या आत्ता पू काढायला हवा," सिस्टर म्हणाल्या. डॉक्टर विश्वजीतही तेच म्हणाले, पण हळू आवाजात (त्यांचं कंत्राट मार्चमध्ये संपत होतं).

चारुदत्त धावत आले. "अहो सिस्टर, असं काय करता? सोमवारी पाहुणे येतायत. आणि इतकी सुंदर केस!"

"सुंदर? साहेब, पाय सडेल त्याचा!"

"मग गोळ्या द्या की. गोळ्यांना मी कधी नाही म्हटलंय?"

सिस्टरच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी गंगूला बाजूला घेतलं. "ऐक माझं. याला घेऊन सरकारी दवाखान्यात जा. मी रिक्षा बोलावते."

"नाय बाय," गंगू म्हणाली. "सायेब बोल्ले, इलायतचा डाक्टर सोता हात लावनार हाय. आमाला कोन हात लावतंय? आमी थांबू."

सिस्टर गोळ्या देत राहिल्या, ताप मोजत राहिल्या आणि मनातल्या मनात चारुदत्तांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिल्या.

सोमवारी हारतुरे झाले. पथकप्रमुख डॉक्टर हेलेन यांनी बुधाच्या पायावरचं फडकं काढलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हा माणूस शुक्रवारपासून इथे आहे? मग कुणीच काही का केलं नाही?"

"तुमच्यासाठी ठेवला होता," शशिकला सिस्टर म्हणाल्या.

"साधनं नाहीत, मॅडम!" चारुदत्त मध्येच म्हणाले. "म्हणून तर तुम्ही हव्यात."

हेलेनबाईंनी दुपारभर घाम गाळला. खोटं कशाला बोला. अंगठा काढावा लागला. पाय वाचला. पथकाच्या अहवालात स्थानिक कर्मचाऱ्यांच्या अनास्थेबद्दल तीव्र चिंता व्यक्त झाली आणि त्यांच्यासाठी करुणेची कार्यशाळा सुचवण्यात आली. त्या कार्यशाळेला सिस्टर पहिल्या रांगेत बसल्या, प्रमाणपत्रही मिळालं. पुढच्या वर्षी दुप्पट पथक येणार आहे. साहजिकच जखमा राखून ठेवायला आता आणखी लवकर सुरुवात करावी लागेल.

बुधा भट्टीवर परत गेला, पण अंगठ्याशिवाय डोक्यावर विटा घेऊन चालताना त्याचा तोल जाऊ लागला. मुकादमाने त्याला घरी पाठवलं. आता भट्टीवर गंगू एकटीच जाते.

हेलेनबाईंनी बुधाचा हात हातात धरलेला फोटो मात्र फार गोड आला. तो तुमच्याही ग्रुपवर फिरला. खाली कुणी देवमाणसं लिहिलं, कुणी नुसते हात जोडले. शशिकला सिस्टरनी एकच ओळ टाकली: "शुक्रवारीच पू काढला असता तर अंगठा राहिला असता." त्यावर तुम्हीच लिहिलंत ना, "ताई, चांगल्या कामात कशाला खोट काढता? जरा पॉझिटिव्ह राहा"?